बुक्क्याचा अंगठा

पडद्यावर सगळे ठिपके आपापल्या गोटात बसले होते. एकच हिरवा ठिपका तेवढा तांबड्यांच्या घोळक्यात जाऊन बसला होता, जसा कीर्तनाला उशिरा आलेला एखादा पाहुणा चुकून बायकांच्या बाजूला टेकतो आणि मग उठायलाही लाजतो. कल्याणीनं चष्मा काढून पदराला पुसला आणि पुन्हा घातला. ठिपका तिथंच होता. खिडकीबाहेर कॉलेजच्या आवारात कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तो एकसारखा किक मारत होता. कालपर्यंत हे चित्र तिला इतकं आवडलं होतं की तिनं ते मोबाइलवर घेऊन नवऱ्याला दाखवलं होतं. ओमकार चिकोडीच्या कोर्टातून नुकताच आला होता. पायमोजे काढता काढता त्यानं बघितलं आणि रांगोळीसारखं आहे म्हणाला. तिला तेही चाललं. रांगोळीच होती ती, आणि काढणारी कोण, तर अकरावीत गणित सुटलं तेव्हा जिला देव पावल्यासारखं झालं होतं ती कल्याणी.

प्रत्येक ठिपका म्हणजे तंबाखूच्या एका रोपाचं एक पान, निपाणीपलीकडच्या भरमूच्या शेतातलं. हिरवे ठिपके निरोगी रोपांचे. तांबडे रोगट रोपांचे, ज्यांची पानं कडेनं आत वळत वळत शेवटी मुठीसारखी मिटतात. तोडलं त्या घटकेला पानातलं कोणतं जनुक किती जोरानं चालू होतं याचे हजारो आकडे मोजून आले होते, आणि ज्या पानांचे आकडे एकमेकांसारखे त्यांचे ठिपके जवळजवळ, असं हे चित्र होतं. निरोगी एकीकडं, रोगट दुसरीकडं, मधे बांध घातल्यासारखी मोकळी जागा. रोग पानाच्या आत शिरून काय काय बंद पाडतो हे इतकं उघड दिसत होतं की विभागप्रमुख नागेंद्र सरांनी तिथल्या तिथं तिचं नाव परिषदेला कळवून टाकलं. वक्ता म्हणून पहिलं नाव तिचं. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या निबंधांच्या शेवटी, आभाराच्या ओळीत असायची, नमुने गोळा केल्याबद्दल.

त्या आभाराच्या ओळीपासूनच हे सगळं सुरू झालं होतं. शाल्मली तिचीच विद्यार्थिनी, आता बेंगळुरूला एका मोठ्या संस्थेत आकडेवारीचं काम करणारी. मुलगी गुणी, मॅडमना अजून वाकून नमस्कार करणारी, पण दोन वर्षांपूर्वी ती फोनवर सहज म्हणून गेली होती, मॅडम, तुम्ही कशाला त्यात डोकं घालता, तुम्ही पानं पाठवा, पुढचं आम्ही बघतो. यात वाईट काही नव्हतं. मुलीनं आईला जडशीळ पिशवी उचलू देऊ नये, तसं ते होतं. पण कल्याणी त्या दिवशी घरी गेली आणि भाजी चिरता चिरता तिच्या लक्षात आलं की आपण कधीची तीच एक फोड बारीक करतो आहोत. पुढचं आम्ही बघतो. म्हणजे पान तोडेपर्यंत आपण, आणि पान काय बोललं ते ऐकायचं दुसऱ्यांनी. देवळात सडा घालायचा, पताका बांधायच्या, बुवांना पाट मांडायचा आणि झांज वाजली की घरी निघून जायचं, असं कुणी सांगितलं असतं तर आपण ऐकलं असतं का? तिनं दुसऱ्या दिवशी पहाटेची पूजा आटोपली आणि पन्नाशीकडं झुकलेल्या वयात पाटीवर पहिली रेघ ओढावी तशी संगणकासमोर बसली.

सोपं काहीच नव्हतं. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायची, एक स्वल्पविराम चुकला की सगळं अडायचं. ते तरी जमलं, कारण ते स्वयंपाकासारखं होतं, चुकलं तर चूक दिसायची. गणित तसं नव्हतं. गणितात चुकलं तरी आकडा यायचाच, शहाण्यासारखं तोंड करून समोर उभा राहायचा. शाळेतले गणिताचे मास्तर तिला म्हणायचे, कल्याणी, तू आपली पदं म्हण, आणि वर्ग हसायचा. ते हसू इतक्या वर्षांनी समीकरण दिसलं की कानामागून यायचं. पहिला अडसर लॉगरिदमचा. सगळे आकडे लॉग घेऊन का मांडतात, हे व्हिडिओतला माणूस पुन्हा पुन्हा सांगायचा आणि तिच्या डोक्यावरून जायचं. मग एका एकादशीला शहापूरच्या देवळात कीर्तनकार दत्तोपंतबुवांची पेटी सुरात लागत होती. पेटीवाल्यानं खालचा सा धरला, मग मधला, मग वरचा, आणि कल्याणीला शाळेतल्या भौतिकशास्त्रातलं एक वाक्य आठवलं की प्रत्येक वरचा सा हा खालच्याच्या दुप्पट कंपनांचा. दुप्पट, मग त्याची दुप्पट. आणि कानाला मात्र त्या सारख्याच उंचीच्या पायऱ्या वाटतात. तिनं मांडीवर हात मारला. शेजारच्या बाईंना वाटलं, समेवर दाद दिली. जनुक दुपटीनं चढलं म्हणजे एक सप्तक वर, निम्म्यावर आलं म्हणजे एक सप्तक खाली, म्हणजे कान जन्मापासून लॉगच घेत आले होते, फक्त त्यांना कुणी परीक्षेला बसवलं नव्हतं.

आणि हे ठिपक्यांचं चित्र तिला समजलं ते सभामंडपामुळं. हजारो जनुकांचे हजारो आकडे एका कागदावर कसे मावतात? तर असं, की मंडपात माणसं बसली आहेत आणि तुला त्यांचा एकच फोटो काढायचा आहे. बाजूच्या भिंतीशी उभी राहिलीस तर सगळे एकमेकांआड जातील. दारात उभी राहिलीस तर इकडं बाया, तिकडं बाप्ये, मधली वाट, सगळं पसरून दिसेल. संगणक दुसरं काही करत नाही, माणसं सगळ्यात जास्त पसरलेली कुठून दिसतील ती जागा शोधतो आणि तिथं उभा राहतो. हे समजलं त्या दिवशी ती एकटीच प्रयोगशाळेत हसली होती. पण आज, त्या चुकार हिरव्या ठिपक्याकडं बघताना, त्याच समजुतीचं एक शेपूट तिच्या हाताला लागलं. दारातून बघणाऱ्याला मंडपात दोन घोळके दिसतात हे खरं. पण ते दोन का आहेत हे दाराला कुठं ठाऊक असतं? परगावचा माणूस म्हणेल, इकडचे श्रद्धाळू, तिकडचे नास्तिक. म्हणेल ते चित्रात बसेलच.

शाल्मलीला तिनं विचारलं होतं. ती म्हणाली, मॅडम, ते रोप वरून निरोगी दिसत असेल, आतून रोग शिरलेला असेल, असं होतं, ते काढून टाका. काढून टाकायला एक ओळ पुरते. तिनं ती ओळ लिहिलीही, बोट बटणावर ठेवलं, आणि उचललं. रोग शिरला असेल तर शिरल्याची खूण असली पाहिजे. हा रोग विषाणूचा, तो पानात असेल तर त्याच्या जनुकांची अक्षरंही पानाच्या जनुकांच्या अक्षरांत मिसळलेली सापडतील, आणि ती वेगळी निवडायला ती गेल्या पावसाळ्यात शिकली होती, नागपंचमीच्या सुट्टीत, लाह्या खात खात. तिनं सगळ्या पानांवर तो शोध चालवला. संगणक घुमत राहिला. बाहेरची स्कूटर एव्हाना सुरू होऊन गेली होती. तांबड्या ठिपक्यांच्या प्रत्येक पानात विषाणू भरभरून होता. हिरव्यांत नव्हता, आणि त्या चुकार हिरव्यातही नव्हता. तुळशीच्या पानासारखं स्वच्छ. मग हे निरोगी पान आजाऱ्यांच्या पंक्तीला कशाला जाऊन बसलंय?

त्या दिवशी तिला कॉलेजात बसवेना. ती चालतच घरी निघाली. शहापूरच्या गल्लीत शिरलं की आधी मागांचा आवाज लागतो, मग दुकानं. पहिल्या मागाची लय एक, पुढच्या घरातल्या मागाची दुसरी, आणि मधे अशी एक जागा येते की दोन्ही लयी एकमेकींवर पडतात आणि क्षणभर वाटतं, एकच माग चालतोय. लहानपणी ती त्या जागी मुद्दाम थांबायची. आजही थांबली. दोन आवाज एकाच वेळी उठत असतील तर कोणता कुणाचा हे कानाला सांगता येत नाही, एवढं तिला उभ्या उभ्या जाणवलं, आणि का कोण जाणे, भरमूच्या शेतातला तो दिवस आठवायला लागला. मार्गशीर्षातला उत्सव. दत्ताच्या देवळावर कर्णा बांधलेला. सकाळचं ऊन पानांवर तिरपं पडलं होतं आणि तंबाखूच्या पानांचा तो चिकट, कडवट वास हातमोज्यांतूनही बोटांना लागत होता. तिच्या गुरूंनी तिला शिकवलेलं, आधी निरोगी रोपं, मग आजारी, म्हणजे आपल्या हातानं रोग पसरत नाही. ही शिस्त तिनं आयुष्यात मोडली नव्हती. तिनं निरोगी पानं तोडली, फॉइलमध्ये गुंडाळली, वर नावाची चिठ्ठी चिकटपट्टीनं लावली, धुरकट थंड नायट्रोजनच्या भांड्यात सोडली. आणि आजारी रोपांच्या सऱ्यांकडं वळणार, तोच कर्ण्यावर झांज वाजली.

आज दत्तोपंतबुवांचं कीर्तन आहे हे तिला ठाऊक नव्हतं, असं म्हणणं खोटं झालं असतं. तो दिवस निवडताना पंचांग उघडंच होतं. पण काम पुरं करून जायचं, असं मनाशी धरलेलं. भरमू बांधावर विळा घेऊन बसला होता. त्यानं तिची मान देवळाकडं वळलेली बघितली आणि म्हणाला, "जावा की आक्का. पानं काय कुटं पळून जात न्हाईत."

ती गेली. थोडा वेळ बसून येऊ म्हणून गेली, आणि बुवांनी पूर्वरंग असा लावला की उठवेना. मग मध्यंतरी बुवांच्या गळ्यात हार पडला, बुक्का लावणारा ओळीतून फिरला, तिच्या कपाळावरही बोट टेकून गेला. आणि उत्तररंगात आख्यान उभं राहिल्यावर उठून जाणं म्हणजे गोष्टीतल्या माणसाला उंबऱ्यात टाकून जाणं. आरती झाली. बुवांना वाकून नमस्कार झाला. प्रसादाची पंगत बसली, हात धरून बसवलं. ती शेतात परत आली तेव्हा ऊन दुसऱ्या अंगाला गेलं होतं आणि पानांच्या पाठी उजळल्या होत्या. मन इतकं भरलेलं होतं की आजारी पानंसुद्धा तिनं गोंजारून तोडली.

गल्लीतल्या त्या जागी, दोन मागांच्या मधे, कल्याणीनं बोटांवर वेळा मोजल्या. निरोगी सगळी सकाळची. आजारी सगळी कलत्या उन्हातली. रोप काय दगड आहे? उगवतीला पान उजेडाची तयारी करतं, दुपारी एक काम, मावळतीला दुसरं. त्यातली निम्मीअर्धी यंत्रं सकाळी जागतात आणि संध्याकाळी निजतात, हे ती स्वतः दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवत होती. पानं पळून गेली नव्हती. उभ्या जागी, भरमूच्या बांधाशी, ती सकाळमधून दुपारमध्ये आणि दुपारमधून संध्याकाळमध्ये चालत गेली होती, आणि कल्याणी तिकडं बुवांच्या पुढ्यात डोळे मिटून बसली होती.

पण मग तो हिरवा? तो तर सकाळचाच असायला हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शीतपेटी उघडली. पांढरी वाफ तोंडावर आली. त्या पानांचे उरलेले तुकडे अजून तिथं होते, चंदेरी पुड्या, बर्फानं माखलेल्या. तिनं जाड हातमोज्यानं एकेक पुडी उचलली, चिठ्ठीवरचं दव पुसलं. निरोगी, स्वच्छ. निरोगी, स्वच्छ. मग एका निरोगी पानाच्या, त्याच चुकार हिरव्या ठिपक्याच्या पुडीवर, चिकटपट्टीच्या आत, पारदर्शक काचेखाली ठेवल्यासारखा, एक काळा ठसा होता. चिकटपट्टी हातमोज्याला चिकटते म्हणून ती पट्टी लावण्यापुरता मोजा काढायची, हे तिलाच आठवलं. अंगठ्याच्या बारीक रेषा, गोल फिरत आत गेलेल्या. बुक्का. कपाळाचा घाम पुसताना बोटाला लागलेला. तिनं आजारी पानांच्या पुड्या काढल्या. तिथं प्रत्येक पट्टीखाली तो होता, कुठं गडद, कुठं पुसट, कुठं नुसती एक काळी कड. आणि आता तिला तेही आठवलं: सकाळच्या एका पानामागं अळी निघाली होती, म्हणून ते टाकून दिलं होतं, आणि त्याच्या बदली एक निरोगी पान कीर्तनाहून आल्यावर तोडलं होतं. शिस्त म्हणून आजाऱ्यांच्या आधी, पण त्याच कलत्या उन्हात. संगणकानं बुक्का बघितला नव्हता, कीर्तन ऐकलं नव्हतं, तरी त्यानं त्या पानाला बरोबर त्याच्या सोबत्यांत नेऊन बसवलं होतं. त्याचं चुकलं नव्हतं. चित्र खरंच होतं, पण त्यात दिसत होती ती सकाळ आणि संध्याकाळ.

कल्याणी शीतपेटीचं झाकण लावून स्टुलावर बसली. मोजे काढले तर बोटं बधिर. गंमत अशी की पहिल्यांदा तिला जे वाटलं ते दुःख नव्हतं. ठिपका समजला याचा एक ओला, बालिश आनंद झाला, शब्दकोडं सुटावं तसा, आणि त्याच्या पाठोपाठ, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं, बाकीचं सगळं आत आलं. परिषद. पहिलं नाव. ज्या जनुकांची यादी तिनं एवढ्या अभिमानानं भिंतीवर लावली होती, ती तिनं मान वळवून वाचली. उजेड झेलणारी, साखर करणारी, पहाटेला जागणारी. प्रत्येकाची ती शाळेतल्या मुलांसारखी नाव घेऊन ओळख सांगू शकली असती, आणि तरी तिनं स्वतःला काय सांगितलं होतं, तर आजारी पानाची उजेड घेण्याची ताकद जाते. किती सुंदर वाक्य. तिनं ते भाषणाच्या शेवटाला ठेवलं होतं.

आणि कुणाला कळणार होतं? पुड्या शीतपेटीत. अंगठा तिचा. एक ठिपका काढून टाकायला तर शाल्मलीनंच सांगितलेलं. तांबडे तांबड्यांत, हिरवे हिरव्यांत, मधे बांध. तो विचार वाईट माणसाच्या रूपात आला नाही, थकलेल्या माणसाच्या रूपात आला. म्हणाला, इतकं शिकलीस, इतका त्रास काढलास, एवढं तरी पदरात घे. गणित न येणारी बाई अखेर गणितात चुकली, हे त्यांना म्हणू देऊ नको. तिला वर्ग हसलेला ऐकू आला. ती बराच वेळ बसून राहिली. मग उठली, भिंतीवरची यादी काढली आणि घडी घातली. फाडली नाही. यादीतलं एकही नाव खोटं नव्हतं, खोटं होतं ते त्यांच्याकडून वदवून घेतलेलं वाक्य.

संध्याकाळी ती देवळात गेली. दत्तोपंतबुवा उपरण्याची घडी घालत बसले होते, समोर कोमट पाण्याचा पेला. लहानपणी ती त्यांच्या मागं झांज धरायला उभी राहायची. लय सुटली की बुवा मागं न बघता नुसता डावा खांदा हलवायचे आणि तिला कळायचं. तिनं त्यांना सगळं सांगितलं, जनुक वगैरे सोडून, पानं आणि सकाळ आणि संध्याकाळ. बुवांनी शांतपणे ऐकलं आणि पोट हलेपर्यंत हसले.

"म्हणजे आमचं आख्यान लांबलं, त्याचा हा प्रसाद," ते म्हणाले.

ती म्हणाली, बुवा, मला कीर्तनाला दोष द्यायचा नाही. बुवा हसायचे थांबले. त्यांनी पेला उचलला, पाणी प्यायले. मग सांगितलं की पूर्वी एकदा एका गावात त्यांनी आख्यानात एक अख्खा प्रसंग गाळला, आवाज बसला होता म्हणून. कुणाच्या लक्षात आलं नाही. लोकांनी हार घातले. त्या हारांचा वास त्यांना सोसेना. पुढच्या वर्षी त्याच गावी जाऊन, आधी तो गाळलेला प्रसंग लावला, मग नवं कीर्तन. लोक म्हणाले, बुवा, हे कशाला? कशाला ते बुवांनी तेव्हा सांगितलं नव्हतं आणि आत्ताही सांगितलं नाही. फक्त तिच्याकडं न बघता डावा खांदा किंचित हलवला.

विभागात बैठक बसली. नागेंद्र सर टेबलाच्या टोकाला, शाल्मली बेंगळुरूहून पडद्यावर. कल्याणीनं सांगायला सुरुवात केली तेव्हा आवाज सुरात नव्हता, पण मधेच कुठंतरी तो लागला, पेटीला सा सापडावा तसा. नागेंद्र सरांनी पहिल्यांदा पंख्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. ते म्हणाले, मॅडम, वेळेचा परिणाम गणितानं वजा करता येत नाही का, आजकाल सगळं करतात. शाल्मली बोलायच्या आधी कल्याणी उठली आणि फळ्याशी गेली. तिनं दोन रकाने लिहिले. एका रकान्यात पान निरोगी की आजारी. दुसऱ्यात सकाळ की संध्याकाळ. ओळीमागून ओळ दोन्ही रकाने हुबेहूब सारखे उतरत गेले, फक्त एका ओळीत फरक, त्या अळीच्या बदलीतल्या पानाच्या. सगळा भार त्या एका पानावर पडेल, ती म्हणाली, एका पानाला तेवढं पेलत नाही. दोन मागांचा आवाज एकावर एक असेल तर कोणता कुणाचा हे कुठलंही यंत्र सांगणार नाही. हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की खडू तिच्या हातात आहे, फळ्यावर गणित आहे, आणि मागं कुणी हसलेलं नाही.

शाल्मलीनं फळ्यावरचे रकाने पुन्हा वाचले. मग तिनं जपून, मॅडमना लागू नये अशा बेतानं विचारलं, "पुढच्या वेळी आमची माणसं येऊन नमुने घेतील का मॅडम? आणि आकडे पण इथंच…"

"नाही गं," कल्याणी म्हणाली. "पानं मीच तोडीन. आकडेही मीच लावीन. तू तपास, चुकलं तर कान धर. पण पुढचं आम्ही बघतो असं आता म्हणू नको."

पडद्यावरची पोर क्षणभर शाळेतल्यासारखी मान खाली घालून हसली, आणि बरं म्हणाली. नागेंद्र सरांनी परिषदेची चिठ्ठी पुढं ओढली, त्यातलं तिचं नाव खोडलं, पेनाचं टोपण लावलं. "आगली बिडी," ते कानडीत स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाले, असू द्या, सोडा. आणि मग तिला विचारलं की तंबाखू पुन्हा कधी उभी राहते.

तंबाखू पुन्हा मार्गशीर्षातच उभी राहते. भरमूच्या शेतात दवानं पानं जड झालेली, बांधापलीकडं देवळावर तोच कर्णा. गेलं वर्षभर तिनं उरलेलं गणित खणलं होतं, घरकामासारखं, रोजच्या रोज, कधी कळलं, कधी नुसतंच वाचलं. यंदा तिनं रोपांच्या जोड्या लावल्या होत्या: एक आजारी, त्याच्या शेजारचं एक निरोगी, आणि दोन्हींची पानं एकाच क्षणी तुटायची. तिच्या हातात निरोगी, भरमूच्या हातात आजारी, म्हणजे गुरूंची शिस्तही मोडत नव्हती. सकाळी एक फेरी, कलत्या उन्हात दुसरी. भरमूला हातमोजे घट्ट होत होते आणि तो स्वतःकडंच बघून हसत होता, डॉक्टर झालो म्हणाला, आता म्हशीला इंजेक्शन मीच टोचतो.

कर्ण्यावर झांज वाजली. कल्याणीची मान वळलीच.

"आक्का, बुवा उभं ऱ्हायलं बगा," भरमू म्हणाला. "जाऊन यायचं न्हाय व्हय औंदा?"

"न्हाय रं," ती म्हणाली, आणि त्याची भाषा आपल्या तोंडात आलेली ऐकून तिची तिलाच मौज वाटली.

पण दोघांची कात्री एकदम चालेना. ती हं म्हणायची, तो विचारायचा, आत्ता? तोवर हिची झालेली असायची. पहिली जोडी बाद, दुसरी बाद. तिनं डोळे मिटले. कर्ण्यावरून बुवांचा आवाज वाऱ्याबरोबर मोठा होत होता, बारीक होत होता, पूर्वरंगाचं धृपद फिरून फिरून येत होतं, आणि दर फेऱ्याला मृदंग समेवर असा काही पडत होता की भरमूचा पाय नकळत मातीत आपटत होता. इतकी वर्षं देवळाच्या सावलीत शेती केलेला माणूस, त्याला सम कुणी शिकवावी लागते का? तिनं डोळे उघडून त्याच्या पायाकडं बोट दाखवलं. "तिथं काप," ती म्हणाली. भरमूला लगेच कळलं. तो वाकला, तीही वाकली, मधे एका सरीची ओली माती. बुवांनी धृपद उचललं, पुढं नेलं, ताणलं, फिरवलं, आणि खाली आणायला लागले. कल्याणीनं निरोगी पानाच्या देठाला कात्री लावली आणि श्वास धरला.

सम आली. दोन्ही देठ एकाच आवाजात तुटले.